नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, तास किती, हिशेब कसा मांडायचा

नाशिकमधलं एखादं घर परदेशी निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती तासांचा प्रवास आहे?’ सॅन फ्रान्सिस्कोचंच घ्या. एजंट सांगतो सोळा तास. तिकिटावर असतात २१ तास ५० मिनिटं. आणि नुकताच जाऊन आलेला मावसभाऊ म्हणतो, ‘दीड दिवस धरून चाल रे सरळ.’ तिघंही खरंच बोलतात. एजंट सांगतो ते सर्वांत लांबच्या एका उड्डाणाचं. तिकीट सांगतं मुंबईपासून पलीकडच्या विमानतळापर्यंतचं. मावसभाऊ सांगतो कॉलेज रोडवरच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंतचं. रजा, गाडी, औषधं, जेवण हे सगळं ज्या आकड्यावर ठरतं तो हा तिसरा. पण तो काढायचा तर आधीचे दोन हाताशी हवेत, म्हणून सुरुवात अंतरापासून करू.

अंतर: नकाशा गुंडाळून ठेवा, पृथ्वीगोल काढा

भिंतीवरच्या नकाशात मुंबई मधोमध आणि सॅन फ्रान्सिस्को पार डाव्या टोकाला दिसतं. मग वाटतं, विमान युरोपावरून आणि अटलांटिकवरून जात असणार. सपाट नकाशा ध्रुवांकडचा भाग भयंकर ताणतो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि आफ्रिका प्रत्यक्षात त्याच्या चौदापट आहे. अशा नकाशावर पट्टी ठेवून विमानाचं अंतर मोजण्यात अर्थ नाही.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. ही वाट पंजाब-काश्मीरवरून चीनच्या पश्चिम भागात शिरते, सायबेरिया ओलांडते, थेट आर्क्टिक महासागरावर जाते आणि अलास्कावरून खाली उतरते. अटलांटिकचा संबंधच येत नाही. आता दोरा पट्टीवर मोजा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचा परिघ सुमारे ९४ सेंटिमीटर होतो. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर हा साधारण ४२५ किलोमीटर. दोरा ३२ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटर आणि थोडे वर. संगणकाने काढलेलं उत्तरही सुमारे १३,५०० किलोमीटरच येतं. दोन मिनिटांच्या खटाटोपाला हा निकाल वाईट नाही.

दोरा-गोल नको असेल तर गुगल मॅप्समध्ये पहिल्या विमानतळावर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि दुसऱ्या विमानतळापर्यंत जा. गुगल अर्थमध्येही पट्टीचं साधन आहे. मला सर्वांत सोयीचं वाटतं ते ‘ग्रेट सर्कल मॅपर’ हे संकेतस्थळ: दोन विमानतळांची तीन अक्षरी कोडं टाकली की अंतर आणि वाट दोन्ही दिसतात. मुंबईचं कोड बीओएम, दिल्लीचं डीईएल, दुबईचं डीएक्सबी, सॅन फ्रान्सिस्कोचं एसएफओ आणि आपल्या ओझरचं, म्हणजे नाशिकच्या विमानतळाचं, आयएसके. नवी मुंबईचं एनएमआय. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचं आहे.

दोन संकेतस्थळांच्या उत्तरांत वीस-तीस किलोमीटरचा फरक दिसला तर घाबरू नका. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. काही जण ती पूर्ण गोल धरतात, काही चपटेपणा हिशेबात घेतात. आकडा मैलांत असेल तर कुठले मैल ते मात्र बघा. रस्त्याचा मैल १.६०९ किलोमीटरचा, वैमानिकांचा सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. साडेतेरा हजार किलोमीटर म्हणजे साधे मैल ८,४००च्या आसपास आणि सागरी मैल ७,३००च्या आसपास. यांची गल्लत झाली तर हिशेब दोन तासांनी चुकतो.

मधला थांबा: कुठे वळसा पडतो, कुठे नाही

नाशिकच्या बहुतेक प्रवाशांना कुठेतरी विमान बदलावंच लागतं. थांबा असला की दोन टप्पे वेगवेगळे मोजून बेरीज करायची. ही बेरीज अंदाजाने करू नका, कारण अंदाज हमखास फसतो.

मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०००. एकूण जवळपास १५,०००. आता फ्रँकफर्टमार्गे बघा: मुंबई–फ्रँकफर्ट सुमारे ६,५७० आणि फ्रँकफर्ट–सॅन फ्रान्सिस्को सुमारे ९,१५०, एकूण १५,७००. फ्रँकफर्ट ‘वाटेवरच’ आहे आणि दुबई म्हणजे ‘उगाच वळसा’, असं मानणारे पुष्कळ भेटतात. आकडे उलटं सांगतात. कारण रेखांशात आहे. दुबई ५५ अंश पूर्वेला, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. बेरीज १७७, म्हणजे जवळजवळ १८०. दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत, म्हणून त्यांच्यातली सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी लगत जाते.

याहून गमतीची गोष्ट ओझरची. ओझरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सरळ रेघ काढली तर ती सुमारे १३,३७० किलोमीटरची होते. ओझर–दिल्ली सुमारे ९९० आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज करा: दिल्लीमार्गे जाण्याने दहा किलोमीटरसुद्धा वाढत नाहीत! दिल्ली या रेघेवरच बसली आहे म्हणा ना. उलट मुंबई गाठायला आपण आधी नैर्ऋत्येला जातो, म्हणजे ज्या दिशेला जायचंय तिच्याकडे पाठ करून. किलोमीटरचाच हिशेब असता तर प्रत्येक नाशिककराने ओझरहून दिल्ली गाठली असती. पण तिकिटं किलोमीटरवर ठरत नाहीत, वेळापत्रकावर ठरतात.

किलोमीटरचे तास

लांब पल्ल्याची विमानं, बोइंग ७७७ किंवा ७८७ सारखी, वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जाणं हे त्या वेगाने होत नाही. माझा ठोकताळा असा: अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा.

दुबई–सॅन फ्रान्सिस्को: १३,००० भागिले ८५० म्हणजे सव्वापंधरा तास, वर अर्धा तास, म्हणजे पावणेसोळा. वेळापत्रकात सोळाच्या आसपास असतात. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर: साडेआठ अधिक अर्धा, नऊ तास. प्रत्यक्षात जाताना याहून थोडे जास्त लागतात. मुंबई–दुबईला ठोकताळा पावणेतीन तास देतो, वेळापत्रक तीन-सव्वातीन. उड्डाण जितकं छोटं तितका ठोकताळा तोकडा पडतो.

वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, हेही ध्यानात घ्या. पायलट ‘आपला उड्डाणाचा वेळ अमुक’ म्हणून माइकवर सांगतो तो हवेतला. तो कमी ऐकू आला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

आता ठोकताळा कुठे मोडतो ते बघू. पहिलं कारण वारा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. पाठीशी घेतला तर फुकटचा वेग, समोरून आला तर तेवढाच तोटा. म्हणून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं, तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा लवकर. कारण वारा सगळी वाट पाठीशी होता. जास्त किलोमीटर म्हणजे जास्त तास हा हिशेब आकाशात प्रत्येक वेळी चालत नाही.

दुसरं कारण डोंगर. दोरा हिमालय आणि तिबेटवरून जातो म्हणून विमान जाईलच असं नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला झटपट दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू मोजक्या मिनिटांपुरता असतो. तिबेटचं पठारच त्याहून उंच आहे, तिथे उतरणार कुठे? म्हणून बहुतेक मार्ग तो भाग टाळून आखतात.

तिसरं कारण राजकारण, आणि हल्ली ते सर्वांत महागात पडतं. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झालं. भारतीय आणि आखाती कंपन्या तिथून जाऊ शकतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं, आणि उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या उड्डाणांचे तास वाढले. त्यांच्या अमेरिकेच्या काही उड्डाणांना मध्ये इंधनासाठी उतरावं लागलं. म्हणजे एकाच दिवशी, त्याच दोन विमानतळांमध्ये, कंपनी कुठल्या देशाची यावर वाट बदलते.

म्हणून ठोकताळ्याने आलेलं उत्तर पडताळून घ्या. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तुमच्या तिकिटावरचा फ्लाइट नंबर टाका. मागच्या काही दिवसांत ते विमान खरोखर किती वाजता निघालं आणि किती वाजता टेकलं, ते दिसतं. वेळापत्रक ही कंपनीची इच्छा, हा तिचा प्रगतिपुस्तकातला निकाल. रोज चाळीस मिनिटं उशिरा पोहोचणारं विमान तुमच्या दिवशीच वेळेवर येईल असं धरू नका. तिकिटावर ‘स्टॉप’चा रकानाही बघा. फ्लाइट नंबर एकच असला तरी विमान मध्ये कुठेतरी उतरत असू शकतं.

घड्याळाचा गुंता

बहुतेक जण इथे अडकतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. मुंबईहून निघालात पहाटे ४.३० ला, सॅन फ्रान्सिस्कोला उतरलात दुपारी १.५० ला, तारीख तीच! मग नऊच तास लागले की काय?

सोपा मार्ग: सगळ्या वेळा भारतीय वेळेत आणा, मगच वजाबाकी करा. त्यासाठी फरक माहीत हवेत. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, बाराही महिने. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा तास आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. अमेरिकेतला ‘उन्हाळा’ घड्याळाच्या दृष्टीने मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. ब्रिटनमध्ये तो मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. तिकीट फेब्रुवारीत काढून प्रवास एप्रिलमध्ये असेल तर प्रवासाच्या दिवशीचा फरक धरा, आजचा नको.

समजा प्रवास मे महिन्यातला आहे:

मुंबई, पहाटे ४.३० (भारतीय वेळ ४.३०).
दुबईत उतरणं, सकाळी ६.०० (भारतीय ७.३०). उड्डाण तीन तास.
दुबई सोडणं, सकाळी ८.५० (भारतीय १०.२०). थांबा २ तास ५० मिनिटं.
सॅन फ्रान्सिस्को, दुपारी १.५० (त्यात साडेबारा मिळवा: भारतीय वेळ दुसऱ्या दिवशी पहाटे २.२०). उड्डाण सोळा तास.

पहाटे ४.३० ते दुसऱ्या दिवशी २.२०: २१ तास ५० मिनिटं. तुकड्यांची बेरीजही तेवढीच येते. दोन्ही जुळले नाहीत तर कुठेतरी घड्याळ उलटं फिरवलंत असं समजा.

परतीला उलटी गंमत. शुक्रवारी दुपारी ३.४५ ला सॅन फ्रान्सिस्को सोडलं, तेव्हा नाशिकमध्ये शनिवारची पहाट, ४.१५. साडेपंधरा तास दुबईपर्यंत, पावणेचार तास थांबा, तीन तास मुंबई: रविवारी पहाटे २.३०. प्रवास सव्वाबावीस तासांचा, पण कॅलेंडरवर शनिवार जवळजवळ अख्खा विमानातच जातो. रजेचा अर्ज करताना हा दिवस मोजा.

आणि एक सापळा अगदी आपल्याकडचा. मुंबईची बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१२ मे, ०४.३०’ असेल तर नाशिक सोडायचं ११ मेच्या संध्याकाळी. १२ तारखेची रात्र समजून बॅगा भरत बसलेल्या घरांच्या कहाण्या कुठल्याही एजंटला विचारा. तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर ११ तारखेला ‘निघणे’ असं लिहून टाका.

नाशिक ते विमानतळ: इथे तास खरे सांडतात

सोळा तासांचं उड्डाण पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने वेळेवर येतं, आणि नाशिक–मुंबईचे पावणेदोनशे किलोमीटर कधी साडेतीन तासांत होतात, कधी साडेपाच तासांत. हवेतल्या तेरा हजार किलोमीटरपेक्षा या टप्प्याचीच अनिश्चितता जास्त.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळ त्यावर चढलं की सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि कसारा घाट टळतो. पावसाळ्यात धुक्यात घाट उतरण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण आमण्याला उतरल्यावर पुढे भिवंडी आणि ठाणे आहेतच. घाटात वाचलेली वेळ माजिवड्याला परत द्यावी लागू शकते. रात्री अवजड गाड्यांची रांग वाढते, तेव्हा ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ यावर विसंबू नका. पहाटे ४.३० चं विमान असेल तर १.३० ला टर्मिनलच्या दारात असायला हवं. त्यासाठी रात्री आठला नाशिकचा मुंबई नाका सोडलेला असावा. वाटेत जेवण, एखादा चहा आणि दीड तासाची राखीव वेळ त्यात बसते.

आता एनएमआय. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. ‘मुंबई’ म्हणून तिकीट काढताना कोड बीओएम आहे की एनएमआय हे बघितल्याशिवाय गाडीवाल्याला पत्ता देऊ नका. एक सहारला, दुसरा उलव्याला. मध्यरात्री चुकीच्या ठिकाणी पोहोचून दुसरीकडे धावणं म्हणजे विमान गेलंच समजा.

रेल्वेने जायचं तर नाशिकरोडहून दादर गाठून टॅक्सी करता येते. एकटा माणूस आणि दिवसाचं विमान असेल तर हा पर्याय छान. दोन मोठ्या बॅगा आणि सत्तरीच्या आई असतील तर गाडीच करा.

ओझरचा पर्याय गांभीर्याने बघावा असाच आहे. आग्रा रोडने आडगाव ओलांडून दहाव्या मैलाला वळलं की विमानतळ, शहरापासून वीसेक किलोमीटर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सची ही धावपट्टी, तिथे सुखोईचा गडगडाटही कानावर येऊ शकतो. इथून दिल्लीला जाऊन पुढचं विमान धरलं तर रस्त्याची कटकट संपते. मात्र तीन गोष्टी आधी तपासा. ओझर–दिल्ली आणि पुढचं उड्डाण एकाच तिकिटावर आहे का? वेगवेगळी तिकिटं असतील तर ओझरचं विमान रखडल्यावर पुढची कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही देणार नाही. दुसरं, दिल्लीत कुठलं टर्मिनल? टर्मिनल १ आणि ३ लांब आहेत, मध्ये रस्त्याने जावं लागतं, बॅगा घेऊन. तिसरं, महिना. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने विमानं तासन्‌तास अडकतात. वेगळी तिकिटं आणि जानेवारी असं जुळून आलं तर एक रात्र दिल्लीत मुक्काम धरा, नाहीतर मुंबईच बरी.

थांब्याचा वेळ आणि उतरल्यानंतरचा

परदेशी विमानतळावर दीड तासाचा थांबा तिकिटात ‘चालतो’ म्हणून दाखवतात. तरुण, एकटा, हातात एकच बॅग असेल तर चालेलही. वडीलधाऱ्यांसाठी तीन-चार तास घ्या आणि व्हीलचेअर किमान ४८ तास आधी कंपनीला कळवून ठेवा. चालता येतं म्हणून लाजू नका. या विमानतळांवर एका गेटहून दुसऱ्या गेटला जायला अर्धा तास लागतो आणि पाट्या वाचायच्या त्या वेगळ्याच. युरोपात थांबा असेल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा, एजंटच्या तोंडी भरवशावर नको.

सॅन फ्रान्सिस्कोपुढे आणखी एखाद्या अमेरिकी शहरात जायचं असेल तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर साधारणपणे इमिग्रेशन करून, बॅग स्वतः उचलून, कस्टम्समधून बाहेर काढून पुन्हा द्यावी लागते. ‘बॅग थेट पुढे जाईल’ असं मुंबईत ऐकलं असलं तरी. त्या थांब्याला तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका.

आता तिसरा आकडा काढू. मुंबई नाक्यावरून रात्री ८, विमान पहाटे ४.३०: साडेआठ तास. विमानं आणि थांबा: २१ तास ५० मिनिटं. इमिग्रेशन, बॅगा आणि मुलाच्या घरापर्यंतची गाडी: अडीच तास. एकूण जवळजवळ तेहतीस तास. मावसभावाने थोडं वाढवून सांगितलं, पण फार नाही. औषधं याच आकड्यावर मोजा. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी दर चोवीस तासांनी असेल तर विमानातली वेळ कुठली धरायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि दोन दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

मुलाला उतरण्याची वेळ कळवताना तिकिटावरची दुपारी १.५० सांगा, पण पार्किंगमध्ये यायला ३ नंतर सांगा. परतीच्या गाडीचं मात्र उलट करा. नाशिकच्या गाडीवाल्याला ‘शनिवारी रात्री’ असं म्हणू नका, तो शनिवारी पहाटेच येऊन थांबेल किंवा येणारच नाही. ‘रविवार, तारीख अमुक, पहाटे अडीच, टर्मिनल २’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, फ्लाइट नंबर द्या म्हणजे उशीर झाला तर त्यालाही दिसेल, आणि रात्री झोप काढूनच निघायला सांगा, कारण तुम्ही बाहेर येईपर्यंत चार वाजतील आणि त्याला पुन्हा इगतपुरीपर्यंत चढायचं असतं.